दारापर्यंत

"खिडकीशी तू बस," ओयी म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना कापसाच्या वाळक्या काड्या काय दाखवायच्या?"

सय्योरा मुकाट्याने सरकली. ताश्कंदहून सुटलेल्या गाडीने वेग घेतला. मांडीवरच्या असिलला तिने शालीत गुरफटलं. ओयीकडे, आपल्या सासूकडे, सरळ बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

पहाटे नवऱ्याचा फोन आला होता. इल्होम कालच कामासाठी समरकंदला गेला होता. "तुर्गूनमामा गेले," तो म्हणाला. "आईला बोलू नकोस. भावावर तिचा जीव, आणि काळीज तिचं हे असं. दिवसभर समरकंद बघून येऊ म्हण आणि घेऊन ये. पुढचं इथल्या बायका बघतील."

यात नवल काही नव्हतं. मरणाची बातमी माणसाला वाटेत देत नाहीत. दारापर्यंत आणतात, मग मिठीत घेऊन सांगतात. आणणाऱ्याने तेवढं तोंड सांभाळायचं.

"रेगिस्तान चौक बघायचाय ना, ओयी?" तिने उगाच विचारलं.

"बघू की. तीन मदरसे उभे आहेत शेकडो वर्षं, ते काय आज पळून जातायत?"

चहाची ढकलगाडी आली. ओयीने दोन गरम साम्से घेतले आणि दोन्ही सुनेपुढे ठेवले.

"तुम्ही?"

"मला सकाळपासून करपट ढेकर येतायत. खा तू. आणि पोराला पोटभर पाजून घे. तिथे गेल्यावर गर्दीत कुठे बसशील?"

एरवी चहात पत्ती जास्त पडली तरी दोन दिवस ऐकवणारी बाई. सय्योराच्या तोंडात घास फिरत राहिला. सहलीच्या आनंदात आहे बिचारी, तिला वाटलं.

त्याहून तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मामांच्या घराला लागूनच तिच्या वडिलांचं घर. असिल झाल्यापासून माहेरी जाणंच झालं नव्हतं. दादांनी नातू अजून पाहिला नव्हता. "तुझी सासू सोडेल तेव्हा आण," फोनवर म्हणायचे, आणि हसता हसता खोकत राहायचे. आज रडारड जरा ओसरली की शेजारच्या दारातून आत शिरायचं आणि पोर त्यांच्या मांडीवर टाकायचं. मामांच्या मरणाआडून आपण माहेर साधतोय, हे कळत होतं. मन तरी हावरटासारखं तिथेच धावत होतं.

तिने हळूच फोन काढला.

"कुणाला?" ओयीने विचारलं.

"दादांना. म्हटलं, येतोय म्हणून कळवावं."

ओयीने हात पुढे केला. "दे इकडे. पोराचा आत्ता कुठे डोळा लागलाय, वाजला तर उठेल. न सांगता गेलेलंच बरं." फोन तिच्या पिशवीत गेला.

सय्योराला सुटल्यासारखं झालं. कुणी सांत्वनाला फोन केला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

जिझाख मागे पडलं. धुक्यातून उघडेबोडके डोंगर सरकत राहिले.

"उन्हाळ्यातच तुला माहेरी पाठवायला हवं होतं गं," ओयी एकदम म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं निमित्त झालं."

"असू दे, ओयी. आज जातोच आहोत ना तिकडे."

ओयी डोक्यावरचा रुमाल सारखा करत बसली.

समरकंदला उतरून टॅक्सी केली. "आधी जरा मामांकडे डोकावू या?" सय्योरा चाचरत म्हणाली.

"चल," ओयी म्हणाली. का, ते विचारलं नाही.

गल्ली जवळ आली तशी ओयीने असिलला आपल्याकडे घेतलं. "तुझे हात मोकळे असू देत."

सय्योराने उलट सासूचाच दंड घट्ट धरला. आता कोसळेल ती, आता.

गल्लीच्या तोंडाशी टोप्या घातलेले, कमरेला शोकाचं फडकं आवळलेले पुरुष रांगेने उभे होते. टॅक्सी थांबली तसा त्यांतला एक जण काठी टेकत पुढे आला आणि त्याने सय्योराच्या बाजूचं दार उघडलं.

तुर्गूनमामा होते.

"उतर, पोरी," ते म्हणाले. "दादांना अजून उचललेलं नाही. तुझ्यासाठीच थांबलोय."