काटुबारचा बाप

डॉक्टर तिअरनींनी नेहमीसारखी लांब टांग टाकली आणि उंबरठ्याच्या दगडावर पाय न ठेवता ते हनोराच्या घरात आले.

"एकतीस उन्हाळे झाले," चुलीपाशी बसलेला शेजारचा मुरिश म्हणाला. "पोपच्या दारातसुद्धा माणूस इतका जपून चालत नाही."

"पहिल्याच दिवशी डुगडुगला होता तो. मी पडता पडता वाचलो."

"ते तेव्हा!" पाव कापता कापता हनोरा हसली. "त्याच उन्हाळ्यात तो बसलासुद्धा. मी ट्रॅलीला बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. परत येते तर दगड घट्ट."

"पावसानं बसला असेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लोण्याचं भांडं पुढे ओढलं.

दार उघडंच होतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात भिजलेल्या मेंढ्यांचा वास होता. डॉक्टरांनी वही उघडून टेबलावर ठेवली, पण ते लिहीत काहीच नव्हते.

गावच्या दफनभूमीत एक अर्धा दगड उभा होता. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्या कडेवर ओगम या प्राचीन लिपीतल्या खाचा पाडल्या होत्या; खाचा हीच तिची अक्षरं. ही लिपी खालून वर वाचायची. 'काटुबार, मुलगा' इथपर्यंत मजकूर लागत होता, आणि नेमक्या तिथेच दगड तुटला होता. कुणाचा मुलगा, ते वरच्या तुकड्यावर होतं. आणि तो तुकडा हरवला होता.

डॉक्टर विद्यापीठात तरुण संशोधक असताना त्यांनी या अर्ध्या दगडावर एक लेख लिहिला होता. काटुबार हा इथल्या जुन्या राजघराण्यातला असावा, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. त्या लेखाने त्यांचं नाव झालं आणि त्याच लेखाने त्यांना अडकवलंही. बरोबरीचे लोक दुसऱ्या दगडांकडे, दुसऱ्या टेकड्यांकडे वळले आणि प्राध्यापक झाले. डॉक्टर दर जूनमध्ये याच गावी येत, हनोराच्या मागच्या खोलीत उतरत आणि ऑगस्ट सरेपर्यंत शेतांचे बांध, गोठ्यांच्या भिंती, विहिरींचे काठ चाचपत फिरत. प्राध्यापकपदासाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: दुसरा तुकडा सापडल्यावर पाहू.

आता सप्टेंबरात ते निवृत्त होणार होते. प्राध्यापक झाले तरच आणखी काही वर्षं मिळणार होती, आणि त्या शेवटच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.

"मग काय, यंदाही बापाचा पत्ता नाही?" मुरिशने विचारलं.

"नाही."

"कदाचित पोरगा सांगण्यासारख्या बापाचा नसेल. आमच्या खालच्या आळीतही आहेत तसले दोघे."

हनोराने त्याच्या पाठीत फडकं मारलं. डॉक्टर हसले, मग त्यांनी वही मिटली.

"शुक्रवारच्या बसनं निघतो मी. पुढल्या वर्षी येणं व्हायचं नाही. विद्यापीठ आता रजाही देणार नाही आणि कामही. यायला काही कारणच उरलं नाही."

पाव अर्धा कापून झाला होता. हनोराने सुरी खाली ठेवली. एप्रनला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"मुरिश, पहार आण."

"पहार? पावाला?"

"उंबरठ्याला."

मुरिश डॉक्टरांकडे पाहू लागला. डॉक्टर टेबलावरच्या चुऱ्याकडे पाहत होते.

"माझ्या नवऱ्यानं बसवला तो," हनोरा म्हणाली. "शेतात नांगराला लागला होता. कडेला खाचा होत्या. सरकारी माणसं येतील, शेत खणतील, म्हणून त्यानं खाचा खाली केल्या आणि दारात गाडला. तो गेला आणि दोन वर्षांनी तुम्ही आलात. पहिल्याच संध्याकाळी कागदावर खाचा काढून मला दाखवल्यात. तेव्हाच मी ओळखलं होतं."

"एकतीस वर्षं?" मुरिश म्हणाला. "बाई, मी ह्यांच्याबरोबर डुकरांची खुराडी उचकटली!"

"पहिल्या वर्षी नवऱ्याच्या शब्दाखातर गप्प बसले." तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "पुढच्या वर्षीपासून माझ्याखातर. दगड सापडला असता तर तुम्ही परत कशाला आला असतात? तुमचं सगळं आयुष्य मी दारात पुरून ठेवलं, डॉक्टर. रोज त्याच्यावरून ये-जा केली. आता शिव्या द्यायच्या तर द्या."

चुलीतला एक निखारा ढासळला. डॉक्टर उठले आणि दाराशी गेले.

"पहार उजव्या बाजूनं लाव, मुरिश. डावा कोपरा ठिसूळ आहे."

दगड जड होता. मुरिशने त्याला, स्वतःच्या कमरेला आणि हनोराच्या स्वर्गवासी नवऱ्याला एकाच दमात नावं ठेवली. तिसऱ्या झटक्याला दगड सुटला, कलला आणि कुशीवर अंगणात आडवा झाला. दीड हजार वर्षांची ती कड वर आली. तिच्यावर बोटभर जाडीचा काळा चिखल बसला होता आणि त्यात बारीक पांढरी मुळं गुंतली होती.

"थांबा, पाणी आणतो," म्हणत मुरिश बादली घेऊन विहिरीकडे गेला.

हनोराला मान वर करवेना. दारात उघड्या पडलेल्या खड्ड्याकडे बघत ती उभी राहिली.

"शुक्रवारच्या आत अर्ज पोचेल ना?" तिने विचारलं.

"पोचेल."

"मग सांगा तरी. एवढा कुणाचा मुलगा होता तो?"

"द्रुगनचा," डॉक्टर म्हणाले. "राजा नव्हता. साधा मेंढपाळ असावा. नावाच्या शेवटी एक खाच जास्तीची पडलीय, कोरणाऱ्याचा हात घसरला असणार."

तिने मान वर केली. डॉक्टर तिच्याकडे पाहत होते. मुरिश अजून विहिरीवरच होता, आणि दगडावरच्या चिखलाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.