जोडीचा फोटो

पेन्शन कचेरीच्या रांगेतली पुढची बाई खिडकीपासून हलेना.

"पण मी त्यांचं शेवटपर्यंत सगळं केलं हो," ती परत परत सांगत होती.

"केलं असेल. पण पहिली बायको हयात असताना दुसरीला पेन्शन मिळत नाही. नियम मी केलेला नाही," आतला कारकून म्हणाला. "चला, पुढे कोण?"

थोरलीनं मागं वळून पाहिलं. भिंतीकडेच्या बाकावर तिची सवत पदर आवळून बसली होती. धाकटीनंही ऐकलं होतं. थोरलीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तिनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. तसं घरात ठरलंच होतं. आज पेन्शनचं काम झालं की धाकटी भावाकडे जाणार. तिची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. संध्याकाळी भाऊ न्यायला येणार होता. नवरा होता तोवर एका छपराखाली कसंबसं निभावलं. आता दोघींनाही एकमेकींचं तोंड बघणं नको झालं होतं.

कारकुनानं थोरलीचं नाव पुकारलं.

"मीच ती."

त्यानं फायलीवर चिकटवलेला नवरा-बायकोचा फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही? मग ह्या फोटोत तुम्ही कुठायत?"

थोरलीनं वाकून फोटो पाहिला. निवृत्तीच्या कागदांसाठी जोडीनं फोटो काढायचा होता, नेमके तेव्हाच तिचे डोळे आले होते. "फोटो कोण बघतंय? शेजारी एक बाई दिसली म्हणजे झालं," नवरा म्हणाला होता. आणि थोरलीनंच आपली ठेवणीतली साडी धाकटीला नेसवून, निऱ्या सारख्या करून तिला त्याच्याबरोबर धाडलं होतं. साडी थोरलीची, नाव थोरलीचं. तोंड तेवढं दुसरीचं.

"फोटो जुळला नाही तर चौकशी लागते," कारकून म्हणाला. "एका बाईची अजून चाललीय. निकाल लागेपर्यंत तिचा मुलगा रिटायर होईल." आपल्याच बोलण्यावर तो हसला. तेवढ्यात त्याची नजर बाकाकडे गेली. "अहो, त्या काय बसल्यात तिथं! बाई, तुमचंच नाव पुकारतोय ना मघापासून? ह्यांना कशाला पुढं केलंत?"

धाकटी उठली नाही. तिनं थोरलीकडे पाहिलं.

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. थोरलीनं तोंड उघडलंही. पण चौकशी संपेपर्यंत चूल कशावर पेटायची?

"जा गं, तुलाच बोलावतायत," ती म्हणाली. "हिला जरा कमी ऐकू येतं, साहेब."

धाकटी आली. सही करताना पेन पहिल्याच अक्षरावर अडलं.

"स्वतःचं नाव लिहायला एवढा विचार?"

"हे गेल्यापासून हात कापतो," धाकटी म्हणाली. ते मात्र खरं होतं.

"आणि तुम्ही कोण ह्यांच्या?"

थोरली म्हणाली, "बहीण."

"मग बहिणीला जपा. दर वर्षी ह्यांनी स्वतः इथं यायचं, हयात आहोत ते दाखवायला. ह्या दिसल्या नाहीत की पेन्शन बंद. आणि बाई, हाक मारली की उठायचं, काय?"

दोघी रस्त्यावर आल्या. धाकटी पुढे, थोरली मागे.

"भावाला निरोप धाड," थोरली म्हणाली. "येऊ नको म्हणावं."

"पेटी भरून ठेवलीय हो, ताई."

"रिकामी कर."

"कधीपर्यंत?"

थोरली जागच्या जागी उभी राहिली, आणि तिनं हाक मारली, स्वतःच्याच नावानं. धाकटी चालतच राहिली. थोरलीनं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा दरडावून.

धाकटी थांबली. मागं न वळता, खाली मान घालून म्हणाली, "ओ."