मऊ नळी

विज्ञानात वैर नसतं, मतभेद असतात. ही ओळ प्रयोगशाळेच्या दारावर फ्रेम करून लावलेली होती. ती किती उंचीवर लावावी यावरून ताई आणि भाऊजी महिनाभर बोलत नव्हते.

शनिवारी दुपारी भाऊजी जेवायला गेले, तशा ताई पंपापाशी आल्या. भाऊजी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पंप एकच, हृदयासारखे ठोके देत दोन नळ्यांतून गुलाबी द्रव ढकलणारा. भाऊजींची नळी मऊ, तरुण माणसाच्या धमनीसारखी. ताईंची कडक, म्हाताऱ्याच्या धमनीसारखी. दोन्हींच्या टोकाला काचेची चपटी डबी आणि डबीत अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी. भाऊजींचं म्हणणं, मऊ नळी फुगते, ठोक्याचा धक्का पोटात घेते, म्हणून पुढच्या पेशी वाचतात. ताईंचं म्हणणं, नळीचा काही संबंध नाही. प्रवाहाचा जोर वाढला की पेशी मरणारच.

मऊ नळीची कल्पना मुळात ताईंची. बहिणीकडे जेवताना त्या सहज बोलून गेल्या होत्या. पुढे ती त्यांनी एका परिषदेत ऐकली, भाऊजींच्या तोंडून, टाळ्यांसकट. त्या दिवसापासून ताईंना ती कल्पना भंपक वाटू लागली.

सोमवारी संचालक स्वतः पेशी बघून दोघांतला विभागप्रमुख ठरवणार होते. ताईंनी पंपाची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली. नळ्या थरथरल्या.

"घ्या आता पोटात," ताई म्हणाल्या.

दोन्ही डब्या मरणार याची त्यांना खात्री होती. स्वतःच्या पेशी मेल्या तरी ताईच खऱ्या. भाऊजींच्या मेल्या की भाऊजी संपले. एकमेकांना न विचारता पंपाला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो ताईंनीच भांडून करून घेतला होता.

सोमवारी संचालकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ताई, तुमच्या डबीत तर स्मशानशांतता आहे."

"तसंच व्हायचं होतं, सर. आता यांची बघा."

संचालकांनी डबी बदलली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. भाऊजींच्या पेशी जिवंत होत्या. नुसत्या जिवंत नाहीत, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारख्या ओळीत.

मग संचालकांचं लक्ष चकतीकडे गेलं. "शेवटचा आकडा? एकाच पंपावर, एवढ्या माऱ्यात, एक डबी मेली आणि एक जगली? अहो, नळीचाच सगळा खेळ आहे याला आणखी काय पुरावा हवा! पंप वाढवायचं डोकं कोणाचं?"

चकती वाढवल्याचं भाऊजींनाही आत्ताच कळत होतं. त्यांनी चकतीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा चकतीकडे पाहिलं. शिंक यायला लागतो तेवढाच वेळ त्यांना लागला.

"माझंच, सर."

"यांना न विचारता?"

"छे छे! ताईंना विचारल्याशिवाय मी कशाला हात लावतो? हो ना, ताई?"

ताईंच्या मानेवरची शीर लांबूनही दिसेल अशी उडत होती. नाही म्हणावं, तर मग चकती फिरवली कोणी?

"हो," ताई म्हणाल्या.

"आपल्या पेशींचा बळी द्यायचा म्हणजे मोठं मन लागतं," संचालक ताईंना म्हणाले आणि भाऊजींचा हात हातात घेऊन त्यांना चहाला घेऊन गेले.

दारातून भाऊजी एकटेच परत आले. चष्मा विसरला होता. तो उचलता उचलता हळूच म्हणाले, "ताई, असं काही सुचलं की सांगत जा बरं का. मी काय परका आहे?"

पुढच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, ताई पुन्हा पंपापाशी आल्या. चकतीवर नवं पारदर्शक झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. किल्ली विभागप्रमुखांकडे असते, आणि ते जेवायला गेले होते.