दरीवरची थरथर

"मृदुलाताई, दरीवरून उडताना ड्रोनना सुटणारी ती थरथर पुसून टाका बरं. प्रवासी देवाचा धावा करायला लागतात," तळप्रमुख कुरणे म्हणाले.

"उद्या पुसते," मृदुला म्हणाली. तळावर कोसळलेल्या ड्रोनच्या मोटरीची शेवटची आठवण नव्या मोटरींमध्ये भरत असत, म्हणजे बिघाडाची चाहूल त्यांना आधीच लागे. दरीत कोसळलेला ड्रोन तिच्या नवऱ्याचा होता; तो त्यातच गेला, आणि त्या मोटरीची आठवण भरलेले ड्रोन दरीवर आले की थरथरत.

तिने लेकीला, ऋताला, आजोळी जाणाऱ्या ड्रोनमध्ये बसवलं. पाती फिरली आणि ड्रोन जमिनीवरच थरथरू लागला.

"ऋता, उतर! आत्ताच्या आत्ता!"

मोटर उघडली, तर बेअरिंगला केसाएवढी चीर होती.

"आई, बाबांनी थांबवलं का गं?"

वायर काढलेली मोटर मृदुलाच्या तळहातावर अजून थरथरत होती.