सात वाक्यं

"सुन्नीवा, नुसतं धडपडायला इंग्रजांना सात शब्द कशाला?" मैत्रिणींच्या पैजेपायी रग्नाने भर वर्गात इंग्रजीच्या बाईंना, सुन्नीवाला, विचारलंच.

"तूच शोध. प्रत्येकापुढे आपला नॉर्वेजियन शब्द लिही, आणि या आठवड्यात घरच्यांबाबत खरंच पाहिलेल्या गोष्टीचं एक वाक्य."

रग्ना घरी येऊन खुशीत लिहायला बसली. स्टम्बल म्हणजे स्नूब्ले: बाबा उंबऱ्याला ठेचकाळले. स्टॅगर म्हणजे व्हाक्ले: स्कीवर सपाटीलाच बाबांचा तोल गेला. लर्च म्हणजे स्लिंग्रे: कॉफी आणताना बाबा झोकांडले. "थकलोय गं, बाकी काही नाही," ते दर वेळी म्हणाले होते.

सातही वाक्यं बाबांचीच झाली.



वही घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. "आई, उद्या मी शाळेत जाणार नाही. बाबा, तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे."