उजव्या पायाची रेघ

डॉ. तांबोळींनी उंदराचे पंजे शाईत बुडवले आणि त्याला कागदावर सोडलं. उजवा पाय ओढत तो चालत गेला. ठशांमागे बारीक रेघ उमटली.

अनघा कागदावर वाकली. न्हाणीघरातून तिची लेक जाई ओल्या पायांनी यायची, तेव्हा फरशीवर अशीच रेघ उठायची. अनघा कुरकुरत ती फडक्याने पुसायची.

या प्रयोगशाळेत प्रत्येक आजारी मुलाचा एक उंदीर होता, त्या मुलाचाच जनुकदोष घालून वाढवलेला. जाई दिवाळीत गेली. तिचा उंदीर मागे राहिला.

"ताई, औषध सापडलंय," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "याला दिलं की आठवड्याभरात सरळ चालेल. मग बाकीच्या मुलांना देता येईल. पण हा जाईचा, म्हणून तुम्हाला विचारतेय."

काचेपलीकडे एक बाप लेकीच्या बुटाचे बंद बांधत होता.

"द्या," अनघा म्हणाली. मग तिने डॉक्टरांचा हात धरला. "त्याआधी एकदा चालवा ना त्याला. शाई नको. पाय नुसते पाण्यात भिजवा, आणि फरशीवरच सोडा."

फरशीवर ओली रेघ उमटली. ती आपोआप वाळेपर्यंत अनघा तिच्याशेजारी बसून राहिली.