छातीला कान

‘दम आत वड,’ नाथाजी म्हणाला आणि त्यानं धाकट्या भावाच्या, गुंडाच्या, उघड्या छातीला कान लावला.

गुंडाचं नाक सारखं गळत होतं. डोळे लाल, आवाज घोगरा. जत्रेची कुस्ती आठ दिवसांवर आली आणि ऐन वेळी ही मेली सर्दी! दुसरा कुणी असता तर घोंगडं ओढून पडला असता. हा पहाटेच तालमीत हजर.

‘घरघर न्हाई. नाकातच हाय अजून,’ नाथाजी म्हणाला. ‘निम्मं जोर, निम्म्या बैठका. मान, खांदं, कंबर मोकळी करून घे. आन् आज कुनासंगं झोंबायचं न्हाई.’

‘दादा, निम्म्यानं काय हुतंय? तिकडं त्यो लालासाहेब हजार जोर मारत आसंल!’

‘मारू दे. सर्दी गळ्याच्या वर हाय तवर घाम गाळावा. छातीत उतरली, की लंगोट खुंटीला.’

गुंडा गुमान जोर मारायला लागला. दादाच्या शब्दाबाहेर तो नव्हता. आणि खरं सांगायचं तर दादाच्या हाताकडं बघितलं, की त्याच्या तोंडून उलटा शब्दच फुटत नसे. नाथाजीचा उजवा हात कोपरातून वाकडा होता. तीन वर्षांमागं, दुष्काळाच्या सालात, साताऱ्याकडच्या लालासाहेबाबरोबर त्याची कुस्ती झाली, तिथं तो मोडला. पुढच्याच महिन्यात नाथाजी पलटणीत भरती व्हायचा होता. पलटण राहिली. सोयरीक ठरली होती, तीही मोडली. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की लालासाहेबानं घात केला. डाव मारून गडी पाडताना त्याचा हात सोडायचा असतो, ही तालमीतली रीत. लालानं सोडला नाही. गाव असंच म्हणायचं, आणि गुंडा त्या एका गोष्टीवर तीन वर्षं दूध-बदाम पचवत होता.

हात मोडल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला लालासाहेब तुपाचा डबा घेऊन दारात आला होता. कसलं धाडस बघा! गुंडानं डबा उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत उकिरड्यात ओतला. नाथाजी आत बसून होता. तो बाहेर आलाच नाही. दादाला त्याचं तोंडसुद्धा बघवत नाही, असं गुंडाला वाटलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आठही दिवस नाथाजीनं भावाची सर्दी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. सुंठीचा काढा, ओव्याचा शेक, रात्री हळदीचं दूध. रोज पहाटे छातीला कान. डाव्या हातानं तो गुंडाचे सांधे चोळायचा आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, ‘खोकला आला का रं? खरं सांग. माझ्याशी खोटं बोलू नगंस.’ दादाच्या मनात सूड किती मुरलाय, याचं गुंडाला नवल वाटे. नुसतं चीत करून हा सूड फिटायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. हातच मोडायचा. तोच, उजवा. हे मात्र तो दादालाही बोलला नाही.

जत्रेच्या दिवशी नाक मोकळं झालं होतं. नाथाजी मैदानाला आला नाही. तो येणार नाही, हे गुंडानं धरलंच होतं.

हलगी कडाडली. दोघांनी लाल माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावली, हात मिळवले. लालासाहेबानं गुंडाचा हात लगेच सोडला नाही. मनगट धरून तो जरा थांबला.

‘अंग गार हाय,’ तो म्हणाला. ‘बरं झालं.’

सर्दीची बातमी याच्यापर्यंत गेली तर! आणि वर टोमणा मारतोय! गुंडानं दात-ओठ खाल्ले. मग मात्र त्यानं वेळ काढला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या झटापटीतच त्यानं लालाला पाठीवर घेतला, डोक्यावरून फेकला, आणि हात सोडायच्या वेळी सोडला नाही. कडकन आवाज झाला. लालासाहेब चीत पडला. गर्दीनं फेटे उडवले. तो आवाज ऐकला फक्त दोघांनी.

संध्याकाळी गुलालानं माखलेला गुंडा घरात शिरला. नाथाजी उंबऱ्यातच उभा होता.

‘खोकला न्हाई ना आला?’

‘खोकला कसला, दादा! उट्टं काढलं तुझं. हात मोडला त्याचा. तोच, उजवा!’

नाथाजीनं डाव्या हातानं आपलं वाकडं कोपर धरलं.

‘हे काय केलंस रं...’ तो म्हणाला. ‘गुंडा, त्या दिशी सर्दी माझ्या छातीत उतरल्ती. वस्तादाला मी खोटं सांगितलं. लालानं डाव मारला तवा हात सोडल्ता. खोकल्याची उबळ आली, डोळ्यापुढं अंधारी आली, आन् मी माझ्याच हातावर पडलो. गाव त्याला शिव्या द्यायला लागलं, आन् मी गप बसलो.’

‘खोटं बोलतुयास तू!’ गुंडा ओरडला. ‘मग त्यो टोमणा कशाला मारत हुता? मनगट धरून म्हनं, अंग गार हाय, बरं झालं!’

नाथाजीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

‘माझं बी मनगट त्यानं असंच धरल्तं, गड्या. म्हनला, नाथा, ताप हाय तुला, आज नको लढूस.’